वीतभर सरकलेले यंत्र

मी उदगीरहून निघून पाच दिवस भोसरी-चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यात काढून आले. परतल्यावर शेजारणींनी तिथे पाहण्यासारखे काय आहे असे विचारले, तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. ते उत्तर आता क्रमाने लिहिते आहे. मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. आधी निरीक्षण टिपायचे आणि अनुमान शेवटी काढायचे, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. या प्रवासात मात्र अनुमान घरूनच बांधून नेले होते, हे सुरुवातीलाच कबूल केलेले बरे.

निमित्त माझ्या दत्ता या विद्यार्थ्याचे. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत त्याची यंत्रकामाची शेड आहे. त्याने फोनवर सांगितले की शेडमध्ये जपानचे, पाच अक्षांवर फिरून धातू कापणारे यंत्र आले आहे आणि यंदाची खंडेनवमीची पूजा माझ्याच हातून व्हायला हवी. त्याचा आनंद खरा होता. माझ्या मनात आले ते इतकेच की जपानमधली चांगली वस्तू भोसरीपर्यंत येते, त्याअर्थी तिकडे कोणाला तरी ती नकोशी झालेली असणार.

दापोडी, भोसरी

पुण्याहून लोकलने दापोडीला उतरले. दत्ता फलाटावर उभा होता. तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या त्या मुलाचे कान तेवढे ओळखू आले, बाकी केस पिकलेले आणि हातात दोन फोन. फलाटावरच तो पायाला वाकला आणि येणारेजाणारे आम्हाला वळसा घालून गेले. आमच्या गावात नवा माणूस दिसला की कुठले म्हणून विचारतात. इथे पहिल्या चहाच्या टपरीवर मला विचारले गेले, "कुठल्या कंपनीत?" मी शाळा म्हटल्यावर टपरीवाल्याने आदराने दुसरा कप धुतला.

भोसरीच्या त्या गल्ल्यांत प्रत्येक फाटकाआड काहीतरी कापले, घासले किंवा तापवले जात असते. तापलेल्या तेलाचा वास गल्लीच्या तोंडाशी सुरू होतो आणि रात्री साडीतूनही जात नाही. भिंतींवर खोल्या भाड्याने देण्याच्या पाट्या. दुपारच्या डब्यांवरून माणसाचा जिल्हा सांगता येईल इतकी गावे तिथे एकत्र बसतात.

गाडीत दत्ताने यंत्राची हकिकत सांगितली. ते जपानमध्ये बनले, चाकणच्या एका परदेशी कारखान्यात नऊ वर्षे चालले, त्यांनी नवे आणले तेव्हा ते दत्ताने घेतले. मग तुझे जुने लेथ कुठे गेले, असे मी विचारले. तो म्हणाला, "उदगीरला, बाई. नाक्यावरच्या गॅरेजात." ते लेथ मी पाहिले होते. घरच्या फाटकाची बिजागरी त्याच्यावरच दुरुस्त करून घेतली होती.

मी वहीत चार पायऱ्यांचा जिना काढला. वर जपान, खाली चाकण, त्याखाली भोसरी, तळाला आम्ही. बाणांची टोके सगळी खाली. मग दत्ताला विचारले की या जिन्याने वर काय जाते.

"वर आपला माल जातो की."

माल जातो हे मलाही ठाऊक होते. मी विचारत होते ते ज्ञानाविषयी. तो हसला आणि त्याने गाडी वळवली.

त्याची पत्नी सुरेखा हिने जेवायला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी केली होती. चव अगदी गावाकडची. चटणीचे शेंगदाणे मात्र गावाहूनच मागवावे लागतात, असे ती म्हणाली. मी तेही वहीत टिपून ठेवले.

शेडमध्ये, अष्टमीची संध्याकाळ

शेडमधला सर्वांत अनुभवी कारागीर म्हणजे बब्रुवान. हाही उदगीरकडचाच, तांबटाच्या घरातला. वयाने दत्तापेक्षा मोठा, तरी दत्ताला तो चेष्टेने मालक म्हणतो. त्याने मला काम दाखवले. विजेवर चालणाऱ्या गाडीच्या मोटारीला बाहेरून एक ॲल्युमिनियमचे कवच असते. त्याची भिंत इतकी पातळ की कापणारे हत्यार लागताच ती थरथरते आणि पृष्ठभागावर लाटा उठतात. बब्रुवानने त्यावर स्वतःच्या डोक्याने उपाय काढला होता. कवच पकडून ठेवणाऱ्या साच्याला तिथे फिक्स्चर म्हणतात. त्याने फिक्स्चरच्या मधोमध स्कूटरची ट्यूब बसवली होती. कवच वरून चढवायचे आणि पंपाने हवा भरायची. ट्यूब आतून सगळीकडे सारखी दाबून बसते आणि थरथर थांबते.

हे सुचले कसे, असे मी विचारले. तो म्हणाला, "आमचा बाप हंड्यावर नक्षी ठोकायच्या आधी हंड्यात राळ भरायचा. पत्रा पातळ असला की आतून आधार लागतोच, बाई. हितं राळ धुवायला येळ कुठाय? म्हणून ट्यूब."

चाकणच्या एका कंपनीने या कवचाचे पाच नमुने मागितले होते. दोन झाले होते, तीन राहिले होते, आणि पाचही नमुने दसऱ्यानंतर दोन दिवसांनी, द्वादशीच्या दुपारपर्यंत पोचायला हवे होते. नमुने पसंत पडले तर दत्ताच्या अकरा माणसांना दोन वर्षे काम मिळणार होते. पडले नाहीत किंवा उशीर झाला, तर शेजारच्याच गल्लीतली दुसरी शेड वाट पाहत होती.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तिथे एक रीत पाळतात. वर्षातून एकदा प्रत्येक यंत्र जागेवरून सरकवून त्याच्याखाली झाडतात. पहारी लावून, लोखंडी नळ्यांवरून ढकलत जुनी यंत्रे बाजूला घेतली गेली आणि वर्षभराचा धातूचा कीस पोत्यांत भरला गेला. मी मागून फिरून पाहिले. एवढ्या वर्षांच्या तपासणीची सवय. कोपरे आधी दिसतात. जपानी यंत्राच्या मागे आणि खाली कोणी हात लावलेला नव्हता.

मी विचारले, "याच्याखाली का झाडले नाही?"

दत्ता म्हणाला की हे फार जड आहे. मी त्याला प्रयोगशाळेच्या जुन्या नियमाची आठवण करून दिली: उपकरणाभोवती माणसाला सगळ्या बाजूंनी फिरता आले पाहिजे. नियम चांगला आहे, अजूनही माझे तेच मत आहे. बब्रुवान कुरकुरला, पण दत्ता म्हणाला, "बाई सांगतात ना." मग सहा माणसांनी जॅक लावून ते यंत्र भिंतीपासून आणखी वीतभर पुढे घेतले, खाली झाडले, आणि आता चारी बाजूंनी फिरता येते म्हणून ते तिथेच राहू दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी झेंडूच्या माळा चढल्या. मी हळदकुंकू वाहिले, दत्ताने नारळ फोडला आणि यंत्राचे बटण दाबले. पडद्यावर लाल अक्षरांत एक ओळ आली. तिचा अर्थ असा की यंत्राने जागा बदलल्याचे आढळले आहे, सबब ते चालणार नाही. दत्ताने यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. पुन्हा तीच ओळ. शेडमध्ये उदबत्तीचा धूर तेवढा हलत होता.

त्याने यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या चाकण कार्यालयाला फोन लावला. "आम्हीच सरकवलं," असे तो म्हणाला. कोणाच्या सांगण्यावरून ते त्याने सांगितले नाही. मला वाटते, सांगितले असते तर मला कमी लागले असते.

चाकण

त्याच दुपारी मी दत्ताबरोबर चाकणला गेले. येऊ नका म्हणून त्याने दोनदा सांगितले, पण चूक ज्याची त्याने समोर उभे राहायचे, हे मीच वर्गात शिकवलेले. महामार्गाच्या कडेला जपानी आणि कोरियन लिपीतल्या पाट्या दिसू लागल्या. एका जपानी उपाहारगृहाच्या पाटीखाली आम्ही गाड्यावरचा वडापाव खाल्ला. मिरची उत्तम होती.

यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या फाटकावर पहारेकऱ्याने माझा फोन मागितला आणि त्याच्या कॅमेऱ्यावर लाल रंगाची एक गोल चिकटपट्टी लावली. आत काही टिपून नेले जाऊ नये म्हणून, असे त्याने सांगितले. माझ्या फोनमध्ये नातीचे आणि गावातल्या लिंबाच्या झाडाचे फोटो आहेत. परतताना ती पट्टी मी सोलून वहीत चिकटवून ठेवली.

आत श्वेता नावाची तरुण अभियंती भेटली, चाकणजवळच्या एका जुन्या शेतकरी घरातली. तिने शांतपणे समजावून सांगितले. अशा यंत्रांवर क्षेपणास्त्रांचे भागही बनू शकतात. ती भलत्या हातांत जाऊ नयेत म्हणून यंत्रातच हालचाल ओळखणारे एक साधन बसवलेले असते. जागेवरून हलले की यंत्र स्वतःला कुलूप लावते. मग कंपनीचा माणूस येऊन यंत्र कुठे आहे ते पाहतो, जपानला कळवतो, आणि तिथून कुलूप उघडण्याचा क्रमांक येतो.

मी विचारले की हे दत्ताला कधी सांगितले होते. तिने फाइलमधून इंग्रजीतले एक हमीपत्र काढले: पूर्वसूचनेशिवाय यंत्र हलवणार नाही. खाली दत्ताची सही, शेपटीसकट. मी दत्ताकडे पाहिले.

"वाचलं नव्हतं, बाई. इतके कागद होते. सगळेच सही करतात."

प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहू नये, हे मी त्याला किती वेळा सांगितले असेल याची मोजदाद नाही. त्या दिवशी मात्र ते बोलण्याचा अधिकार माझ्याकडे उरला नव्हता.

मग एक तक्ता भरायचा होता. पहिला रकाना जुन्या जागेचा, दुसरा नव्या जागेचा, तिसरा जागा बदलण्याच्या कारणाचा. दत्ताने लिहिले: 'खाली झाडण्यासाठी.' श्वेताने ते वाचले आणि क्षणभर खिडकीबाहेर पाहिले.

"सर, हे मी जपानला कसं कळवू?"

"आहे तेच कळवा, ताई. खंडेनवमी त्यांना समजावून सांगा."

तिने सांगितले की तिसऱ्या रकान्याशिवाय पुढची पायरी होतच नाही, आणि कारण पटले नाही तर क्रमांक येत नाही. हिराता नावाचे जपानी अधिकारी स्वतः पाहायला येतील, बहुधा दसऱ्यानंतर.

परतीच्या वाटेवर मी बरेच काही बोलले असेन. विकतानाच मनात संशय धरणारे हे कसले लोक, असा माझ्या बोलण्याचा सूर होता. दत्ताने ते ऐकून घेतले आणि मोशीच्या चौकात सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, "बाई, आपल्या शाळेतला तो सूक्ष्मदर्शक आठवतो? कपाटातला?"

आठवत होता. तो मुलांच्या हातून फुटेल म्हणून मी त्याला कुलूप लावून ठेवत असे आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. "दहावीपर्यंत आम्ही त्याचं खोकंच बघितलं," दत्ता म्हणाला आणि सिग्नल सुटला. किल्ली बाळगणाऱ्याला आपला हेतू नेहमीच शुद्ध वाटतो, एवढे त्या दिवशीच्या पानावर लिहिले आहे.

आळंदी, दसरा

दसऱ्याला शेड बंद होती आणि दत्ता फोनकडे पाहत बसला होता, म्हणून सुरेखाने मला आळंदीला नेले. दर्शन झाल्यावर घाटावर बसलो. कीर्तन शिकणारी काही मंडळी मृदंगावर हात बसवत होती आणि समोर इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे गोळे सावकाश तरंगत चालले होते. लांबून ते फुलांसारखे दिसतात. हा फेस कुठून येतो, असे सुरेखाला विचारले. "वरून," ती म्हणाली. वर कोण, हे तिला नेमके सांगता आले नाही. घाटावर मी आणखी दोघांना विचारले, त्यांनाही नाही. आमच्या जिन्याविषयी मला जे वाटत होते तेच नदीविषयीही वाटले: वर वापरून झालेले खाली येते, आणि वरच्याचे नाव खालच्याला ठाऊक नसते. मी तीर्थ घेतले नाही. सुरेखाने घेतले, पण डोळ्यांना नुसते लावून परत सोडले.

पुन्हा शेडमध्ये

हिराता आणि श्वेता एकादशीला सकाळी आले. नमुने पोचवायला दुसऱ्या दिवशीची दुपार उरली होती, आणि एका नमुन्याला तीन तास लागतात. हिराता पन्नाशीचे, सडपातळ, बूट पुसून आत येणारे. त्यांनी भिंतीपासूनचे अंतर मोजले, यंत्राचा क्रमांक तपासला, मग गुडघ्यांवर बसून विजेरीने यंत्राखाली पाहिले. तिथे आरशासारखे स्वच्छ होते. ते बराच वेळ पाहत राहिले. उठून श्वेताला काही म्हणाले.

"सर म्हणतात, तिसरा रकाना खरा आहे."

त्यांनी जपानला फोन लावला. आता क्रमांक येईपर्यंत थांबायचे. थांबताना हिरातांची नजर बब्रुवानच्या फिक्स्चरकडे गेली. त्यांनी तयार कवच उचलले, नखाने टिचकी मारून कानाशी धरले, मग ट्यूब दाबून पाहिली. बब्रुवानने हौसेने पंप मारून दाखवला. हिरातांचा चेहरा बदलला. तो मला ओळखू आला. वर्गात एखाद्या मुलाला उत्तर एकदम सापडते तेव्हाचा तो चेहरा. श्वेताने सांगितले की त्यांच्याकडेही पातळ कवचे थरथरतात आणि त्यांचा उपाय फार अवघड आहे.

मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि फिक्स्चरसमोर धरला.

मी वही उघडली. लाल पट्टी तिथेच होती, अजून चिकटत होती. ती बोटावर घेऊन मी दोन पावले पुढे गेले. दत्ता माझ्याकडे पाहत होता. त्याच्या नजरेत तीन राहिलेले नमुने होते, अकरा माणसे होती, आणि माझ्या एका शब्दावर वीतभर सरकवलेले यंत्रही होते. क्रमांक अजून आला नव्हता.

बब्रुवान म्हणाला, "काढू द्या, बाई. ट्यूबच हाय की."

मी पट्टी परत पानावर दाबून बसवली. मग त्याच पानामागचा कागद फाडला, पेन काढले आणि शुद्ध मराठीत, शाळेच्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिले: 'या फिक्स्चरची रचना बब्रुवान यांची आहे. हे छायाचित्र ज्या ज्या ठिकाणी हलवले जाईल, ते नवे ठिकाण आणि हलवण्याचे कारण त्यांना कळवले जाईल.' खाली सहीसाठी रेघ मारली आणि कागद हिरातांसमोर धरला.

श्वेता भाषांतर करण्यासाठी पुढे झाली. मी तिला हाताने थांबवले. माझे हे वागणे बरोबर होते की नाही, याचा निवाडा मी अजून केलेला नाही. हिरातांनी कागद दोन्ही हातांनी घेतला, अक्षरांवरून नजर फिरवली आणि किंचित वाकून सही केली. मग तीन फोटो काढले.

"त्यांनी पण वाचलं न्हाई, मालक," बब्रुवान दत्ताच्या कानात म्हणाला, ते सगळ्यांना ऐकू गेले.

अर्ध्या तासाने क्रमांक आला. हिरातांनी तो आमच्याकडे पाठ फिरवून दाबला. लाल ओळ गेली, यंत्र सुरू झाले आणि बब्रुवानने ट्यूबमध्ये हवा भरली. संध्याकाळपर्यंत दोन नमुने उतरले, शेवटचा दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि पाचही वेळेत चाकणला गेले. त्याच दुपारी दत्ता मला दापोडीला सोडायला आला. यंत्र आता आहे तिथेच राहणार. पुढच्या वर्षी खाली झाडण्यासाठी बब्रुवानने लांब वाकड्या दांड्याचा झाडू जोडला आहे. मला तो मुद्दाम दाखवला. मी त्यावर काही सूचना केली नाही.

उदगीर

नमुने पसंत पडल्याचे दत्ताने आठवड्याभराने फोनवर कळवले. त्यानंतर काही दिवसांनी श्वेताचा निरोप आला, आणि दत्ताने तो मला जसाच्या तसा पाठवला. हिराता साहेबांनी त्या कागदाचा अर्थ तिच्याकडून दुसऱ्याच दिवशी समजून घेतला होता. त्यानुसार ते कळवतात की छायाचित्राने जागा बदलली आहे. जुने ठिकाण भोसरी. नवे ठिकाण जपानमधले मुख्य कार्यालय.

बब्रुवान खूश झाला. त्याला फोन केला तेव्हा म्हणाला, "कळिवलं न्हवं त्यांनी? मग झालं की, बाई." माझ्या वहीतल्या जिन्यावर मी एक बाण वरच्या दिशेने काढला. शाई वाळल्यावर निरोप पुन्हा वाचला, सावकाश, पेपर तपासतात तसा.

मग दत्ताला उत्तर पाठवले आणि ते श्वेतामार्फत जपानला पोचवायला सांगितले. त्यात एकच ओळ आहे: दोन रकाने बरोबर, तिसरा रिकामा आहे, तो भरून परत पाठवावा.